दसऱ्याला चाललेलं काउंटर

शंतनु दिवेकरने नोकरी सोडून पब काढायचं ठरवलं, तेव्हा ओळखीपाळखीच्या झाडून सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. काढलं नाही ते फक्त राजरत्न मेश्रामने. कारण तो स्वतः त्याच आठवड्यात नोकरी सोडून गॅरेज काढत होता, आणि एका वेड्याने दुसऱ्याला नावं ठेवणं बरं दिसत नाही.

दोघंही विंडसरला एका गाड्यांच्या कंपनीत होते. राजरत्न नागपूरचा, इंजिनं तपासायचा. शंतनु पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. गाडीचं दार उघडं राहिलं की जी बीप वाजते ना, ती त्याची. बाकीची गाडी इतर लोक करत. शंतनु सात वर्षं बीप करत होता. आधी ती कमी कर्कश केली, मग ग्राहकांना ऐकू येईना म्हणून परत कर्कश केली. राजीनामा दिला तेव्हा मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पब नाही जमला तर परत ये. सीटबेल्टची बीप तुझ्यासाठी ठेवलीय."

तेव्हापासून शंतनुला रात्री दचकून जाग यायची.

परवडेल अशी जागा दोघांना मिळून एकच मिळाली. विंडसरच्या बाहेर ब्रॅमवेल नावाचं छोटं शहर आहे, तिथली एक जुनी लांबलचक शेड. अर्ध्यात गॅरेज, अर्ध्यात पब. पबचं नाव ‘कोकम’. दारू विकायचा परवाना प्रॉव्हिन्सचा, म्हणजे राज्य सरकारचा, तो हातात येऊन पडला होता. राहिलं होतं शहराचं लायसन, आणि ते दोन्ही धंद्यांना लागतं. सिटी हॉलचं म्हणणं साधं होतं. दोन धंदे एका छपराखाली खुशाल चालवा, पण मध्ये भिंत हवी, दारं वेगळी हवीत, वॉशरूम वेगळ्या हव्यात. गाड्या गॅरेजच्या बाजूला, ग्लास पबच्या बाजूला. अदलाबदल चालणार नाही.

हे बघायला ब्रेंडा नावाच्या इन्स्पेक्टरबाई येणार होत्या. त्यांनी तारखा पाठवल्या. त्यातली एक दसऱ्याची होती.

इथे शंतनुने चूक केली. ती चूक फक्त आपली माणसंच करू शकतात. सरकारी तपासणीचा त्याने मुहूर्त काढला. म्हणजे ओकव्हिलच्या शीलाआत्याला फोन करून विचारलं.

"अरे, दसरा सोडून दुसरा दिवस बघतोसच कशाला?" आत्या म्हणाली. "मी येतेच. काही सामान लागणार असेल तर सांग. नाही सांगितलंस तरी आणीनच."

शीलाआत्या सत्तरीची. बँकेतून रिटायर झालेली, हायवे चारशेतीनवर ट्रकांना मागे टाकणारी. दसऱ्याला सकाळी ती नारळ, झेंडूची माळ, हळदकुंकू आणि पिशवीभर लिंबं घेऊन दारात उभी राहिली. आपट्याची पानंही होती. म्हणजे आपट्याची नव्हेत. तिच्या अंगणात रेडबडचं झाड आहे, त्याची पानं लांबून तशीच दिसतात. आत्या ती जवळूनसुद्धा तशीच समजते.

"पूजा कशाची करायची?" तिने विचारलं.

शंतनुने अभिमानाने पबच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे एक जुनी मिनीव्हॅन उभी होती. भंगारातून आणलेली, एक बाजू कापून काढलेली, त्या बाजूला लांबलचक मेपलची फळी ठोकलेली. हेच पबचं काउंटर. मागच्या सीट काढून तिथे बाटल्यांचे कप्पे केले होते. लायसन येईपर्यंत त्या बाटल्यांत नुसतं कोकमचं सरबत भरून ठेवलं होतं. व्हॅनचं नाक मधल्या भिंतीकडे होतं. भिंत म्हणजे अजून नुसता लाकडी सांगाडा होता. पांढरे तक्ते पलीकडे गॅरेजात रचून ठेवलेले, लावायचे बाकी.

"म्हणजे गाडीच की," आत्या म्हणाली.

"गाडी नाही गं, फर्निचर आहे. इंजिन कधीच काढलं. राजरत्नने काढलं, उन्हाळ्यातच."

राजरत्न कोपऱ्यात पाना पुसत होता. तो पाना स्वच्छच होता. तरी त्याने परत पुसला.

"त्याला विंटर टायर का लावलेत रे मग?"

"ऑक्टोबर आहे ना, आत्या," राजरत्न म्हणाला.

याच्यावर आणखी काही विचारणार, तेवढ्यात ब्रेंडाबाई आल्या. साठीच्या, बारीक, हातात टॅबलेट आणि कमरेला मोजपट्टी. आल्या आल्या त्यांनी दाराची रुंदी मोजली, मग त्या दारातून आत आल्या. शीलाआत्याने हे पाहिलं आणि शंतनुच्या कानात म्हणाली, "ही बाई आपल्यातली आहे."

वॉशरूम पास झाल्या. दारं पास झाली. आग विझवायचं यंत्र पास झालं. तक्ते आजच लावून दाखवायचे, या अटीवर भिंतीचा सांगाडाही पास झाला. ब्रेंडा काउंटरपाशी येऊन थांबल्या.

"हे वाहन आहे का?"

"नाही, नाही," शंतनु हसून म्हणाला. हसायची गरज नव्हती. "फर्निचर. इंजिनच नाहीये."

ब्रेंडांनी टॅबलेटवर ‘फर्निचर’ असं टाइप केलं. शंतनुला वाटलं, झालं. त्या एका शब्दाने त्याची सीटबेल्टच्या बीपेपासून कायमची सुटका झाली.

तेवढ्यात आत्या हातात पान घेऊन पुढे झाली. दसऱ्याला आलेल्या बाईला तशीच कशी पाठवायची? तिने ब्रेंडांचा हात धरला आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "हे सोनं आहे. घ्या. माझ्या भाच्याकडून."

ब्रेंडा दोन पावलं मागे सरकल्या. "मॅडम, अर्जदाराकडून सोनं घेता येत नाही."

"सगळेच घेतात आज. नाही म्हणू नये. बरं, थोडं घ्या, अर्धं घ्या!"

"आत्या!" शंतनुला घाम फुटला. "ब्रेंडा, ते पान आहे! आम्ही त्याला सोनं म्हणतो. किंमत शून्य!"

"शून्य कशाने?" आत्या दुखावली. "ओकव्हिलचं आहे."

ब्रेंडांनी पान हातात न घेता वाकून पाहिलं, उजेडात पाहिलं, आणि टाइप करत मोठ्याने वाचलं, "अर्जदाराच्या आत्याने सोनं देऊ केलं. पाहणीअंती ते पान निघालं. नाकारलं." मग आत्याकडे पाहून म्हणाल्या, "सुंदर पान आहे. हे लिहिणार नाही मी."

एवढं होऊन आत्या गप्प बसती तर गोष्ट इथेच संपली असती. पण माळ घालून झाली होती, नारळ वाढवून झाला होता. ("मी नारळ फोडत नसतो," राजरत्न म्हणाला होता, "खोबरं खायला हरकत नाही. अन् आज आमचाही धम्मचक्र दिन आहे, तर तुकडा जरा मोठा द्या.") आता प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवून आत्या ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसली होती.

"गाडी लिंबावरून गेल्याशिवाय पूजा पुरी होत नाही," ती म्हणाली. किल्ली तिथेच लटकत होती.

"फिरव खुशाल," शंतनु ब्रेंडांकडे बघत, ऐटीत म्हणाला. "काही होणार नाही. खुर्चीला किल्ली लावल्यासारखं आहे ते."

आत्याने किल्ली फिरवली.

फर्निचर सुरू झालं. काय सुरू झालं! नव्या गाडीला लाजवेल असा गोड, घुमणारा आवाज. मागून एक रबरी नळी थेट भिंतीबाहेर गेलेली होती. ती बिअरचं सांडपाणी न्यायला आहे, असं राजरत्नने शंतनुला महिनाभर सांगितलं होतं. नळीच्या बाहेरच्या टोकातून ब्रॅमवेलच्या आकाशात धुराचा एक छोटा ढग गेला.

"राजरत्न!"

"अबे, मले बघवलं नाही रे!" राजरत्न ओरडला. "काढायलेच गेलो होतो. पण इंजिन इतकं चांगलं होतं. जरासं साफ केलं, मग प्लग बदलले, मग काय, लळाच लागला!"

आत्याने गिअर टाकला. चार लिंबं चिरडली. बाटल्या किणकिणल्या. काउंटर झेंडूची माळ हलवत शांतपणे पुढे निघालं.

"आत्या, ब्रेक!"

"दाबतेय की! लागत नाहीये!"

"ब्रेक अजून करायचे होते," राजरत्न म्हणाला. "बाकी सगळं झालंय."

भिंतीच्या सांगाड्याच्या पट्ट्या कडाकड मोडत व्हॅनचं नाक गॅरेजात शिरलं आणि राजरत्नच्या हत्यारांच्या कपाटाला टेकून थांबलं. सॉकेट, पाने, स्क्रू यांचा पाऊस पडला. मग शांतता. पुढचा भाग गॅरेजात, मागचा पबमध्ये. कप्प्यातली एकही बाटली पडली नव्हती. सुतारकाम शंतनुने स्वतः केलं होतं, त्याला या परिस्थितीतही जरा बरं वाटलं.

आत्या खाली उतरली, चाकांखाली वाकून पाहिलं आणि समाधानाने म्हणाली, "चारही फुटली."

ब्रेंडांनी ‘फर्निचर’ हा शब्द खोडला. एकेक अक्षर खोडताना त्यांचं बोट टॅबलेटवर टक टक वाजत होतं. शंतनुला त्यात ओळखीची बीप ऐकू यायला लागली.

"मिस्टर दिवेकर," त्या म्हणाल्या, "पबमध्ये चालू स्थितीतलं वाहन ठेवता येत नाही. ते स्वतःच्या ताकदीने एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात गेलं, हे मी पाहिलं. माझी पुढची तारीख थेट जानेवारीत आहे. पण आत्ता, माझ्यासमोर इंजिन काढून भिंत उभी करत असाल, तर मी थांबते. आजच मंजूर करते."

झालं, एवढंच. इंजिन काढायचं, भिंत घालायची, लायसन घ्यायचं, कोजागिरीला मसाला दुधाचे ग्लास भरून पब उघडायचा. आमंत्रणं गेलेली होती. शंतनुने राजरत्नकडे पाहिलं.

सांडलेल्या पसाऱ्यातून राजरत्नने बरोबर तो पाना उचलला, बॉनेट उघडलं आणि आत बघत राहिला. मग आपल्या बाहीने इंजिनाचं झाकण पुसायला लागला. काढायचं इंजिन कोण पुसतं? लग्नात मुलीला निरोप देताना बाप तिच्या पदराची नसलेली सुरकुती काढतो, तसं चाललं होतं.

"थांब," शंतनु म्हणाला.

"काहून? सीटबेल्टवर जातो काय?"

"थांब म्हणतोय ना." शंतनु ब्रेंडांकडे वळला. त्याच्या डोक्यात सात वर्षांत पहिल्यांदाच बीप सोडून काहीतरी वाजलं होतं. "ब्रेंडा, गाड्या गॅरेजच्या बाजूला, ग्लास पबच्या बाजूला. बरोबर?"

"बरोबर."

"मग बघा ना. इंजिन कुठंय? गॅरेजात. स्टिअरिंग? गॅरेजात. बाटल्या, फळी? पबमध्ये. सगळं आपापल्या जागी आहे. चुकलीय ती फक्त भिंत. ती यातूनच घालतो. सीटच्या मागून."

"गाडीतून भिंत?"

"गाडीतून भिंत."

ब्रेंडांनी नियम उघडले. वर गेल्या, खाली आल्या, परत वर गेल्या. शीलाआत्या आदराने बघत होती. पंचांग बघणाऱ्याला मध्ये हटकू नये, एवढं तिला कळतं.

"एक वाहन दोन जागांत असू नये," ब्रेंडा शेवटी सावकाश म्हणाल्या, "असं कुठेही लिहिलेलं नाही." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू असावं, पण नियमात बसेल एवढंच. "बहुतेक कुणाला सुचलं नसावं. चाकं काढायची. भिंतीत बोटभरही फट नको. आणि भिंत मी पाहिल्याशिवाय सही नाही."

"तुम्ही जानेवारीत येणार," शंतनु म्हणाला.

"मी अजून गेलेली नाही," ब्रेंडा म्हणाल्या, आणि एक उलटी बादली ओढून त्यावर बसल्या.

मग जी दुपार झाली, तशी ब्रॅमवेलने पूर्वी पाहिली नसणार. राजरत्नने चाकं काढून व्हॅन ठोकळ्यांवर चढवली आणि आनंदाच्या भरात विंटर टायरना पॉलिश करून ठेवलं. आत्याने मिनीव्हॅनच्या पोटाचं माप पेटीकोटाला घेतात तसं घेतलं, आणि मापाचे तक्ते अचूक कापून दिले. शंतनु स्क्रू मारत सुटला. ब्रेंडा नियमानुसार कशालाही हात लावू शकत नव्हत्या, म्हणून बादलीवर बसून त्या नुसतं बोलत होत्या.

"डावीकडे."

"इथे?"

"मी काहीच सांगत नाहीये. पण डावीकडे."

छताजवळची शेवटची फट बुजली. ब्रेंडांनी भिंतीवरून बोट फिरवलं. गॅरेजात जाऊन पलीकडून टकटक केली. मग दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून पाहिला. राजरत्नने विचारून इंजिन सुरू केलं. पबमध्ये काउंटर अगदी हळू थरथरलं आणि सरबतात बारीक लाटा उठल्या.

"हे काय आहे?" ब्रेंडांनी विचारलं.

"शेजारी," शंतनु म्हणाला.

ब्रेंडांनी विचार केला, मान डोलावली आणि टॅबलेटवर एकदा गॅरेजसाठी, एकदा पबसाठी बोट टेकवलं. मंजूर. मंजूर.

दसरा, मोठी माणसं, लायसन, सगळं एकदम दाटून आलं. शंतनु वाकला आणि शीलाआत्याच्या पाया पडला. आत्याने आशीर्वाद दिला. पण आनंदाचा वेग असा होता की तो उभा न राहता वाकल्या वाकल्याच पुढे सरकला आणि ब्रेंडांच्या पायाशी पोचला.

त्याचं काहीतरी हरवलं, असं ब्रेंडांना वाटलं. त्याही ताबडतोब खाली वाकल्या.

"काय पडलं? स्क्रू?"

खाली वाकलेल्या बाईच्या पाया कसं पडायचं, हे शंतनुला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो आणखी खाली गेला. ब्रेंडाही गेल्या. आवाज ऐकून राजरत्न पलीकडून धावत आला, दोघांना जमिनीवर पाहून टॉर्च घेऊन शेजारी पालथा पडला, आणि तिघंही काउंटरखाली शोधायला लागले.

"काय शोधतोय आपण?" जरा वेळाने राजरत्नने कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही," शंतनु म्हणाला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "पण बाई थांबेपर्यंत थांबायचं नाही."