उदगीरची हजेरी

दुपारी एकला डबा उघडता उघडता शिवकांताची नजर पडद्यावर उदगीरच्या दिव्याकडे गेली आणि झाकण हातातच राहिलं. दिवा हिरवा होता. शेवटची हजेरी मात्र सकाळी सव्वादहाची.

नांदेडच्या त्या खोलीत चाळीस गोदामांचे इशारे येत. चोर शिरला, आग लागली, राखणदारानं लाल बटण दाबलं, की इथं भोंगा. शिवाय दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक यंत्रानं मुकाट हजेरी द्यायची. ती चुकली की दिवा पिवळा आणि टूंटूं. यंदाच्या दुष्काळात वीज दिवसदिवस गायब, मोबाइलचे टॉवर मान टाकत, आणि त्या टूंटूंनं डोकं उठायचं. वैतागून शिवकांताबाईसाहेबांनी एप्रिलमध्येच ती सूचना बंद करून टाकली. तेव्हापासून दिवे सदा हिरवे, आणि दर तासाला वहीत वळणदार अक्षरात ‘सर्व ठीक’. यंत्र गप्प म्हणजे सगळं आलबेल, असा तिचा सोयीचा समज.

उदगीरच्या गोदामावर राखणदार होते तिचेच वडील, विरूपाक्षअप्पा. छातीचं दुखणं असलेल्या माणसानं गावाबाहेर एकटं बसू नये म्हणून ती भांडली होती.

"बटन हाय की," अप्पा हसले होते. "त्या टोकाला माझी लेक बसलीय. मला कशाचं भ्या?"

तिनं फोन लावला. संपर्क नाही. पुन्हा लावला, दहा वेळा लावला. शेवटी गावातल्या ग्यानोबाकाकांच्या दुकानातला जुना तारेचा फोन लागला.

"काका, पाया पडते, अप्पांना बघून या. आत्ताच्या आत्ता."

"निघालोच पोरी. पन नव्या जिल्ह्यासाठी चौकात रास्ता रोको हाय. आडवाटेनं जावं लागंल."

तिनं ती सूचना पुन्हा चालू केली. दिवा लगेच पिवळा झाला, टूंटूं सुरू झालं. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत आवळून ती बसून राहिली. महादेवा, त्यांना नुसती झोप लागलेली असू दे. बाकी काही मागत नाही.

अडीचला दुकानातूनच काकांचा फोन आला.

"पोरी, अप्पा गेले गं. बटनाखाली भिंतीला टेकून बसलेत. कवाच गेलेत."



तीनला उदगीरची वीज आली, टॉवर जागा झाला, दिवा हिरवा झाला. बॅटरीवर चालू राहिलेल्या यंत्रानं सगळं जपून ठेवलं होतं, ते आता एकामागून एक येऊ लागलं. लाल बटण, दहा अडतीस. लाल बटण, दहा एकोणचाळीस. दहा बेचाळीस. भोंगा खोली दणाणून सोडत होता. शेवटचं, अकरा वाजून सात मिनिटं. समोर वहीत अकराच्या ओळीत तिचंच अक्षर होतं, सर्व ठीक.

शेजारच्या टेबलावरचे अण्णाराव भोंगा बंद करायला उठले. तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

"वाजू द्या," ती ओरडली. "अप्पा बोलावतायत मला."