पन्हळीतला वडा

चारुदत्तला माझ्यापासून काय मिळणार होतं? तसं पाहिलं तर काहीच नाही. त्याच्याकडे गाडी होती, गाडीला हक्काचं पार्किंग होतं, आणि रोज सकाळी ती त्याला सरळ रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात नेऊन सोडत होती. पाऊस त्याला काचेतूनच भेटायचा. म्हणून मला बांधायचं ठरत होतं, तेव्हा रहिवाशांच्या बैठकीत त्याने हात वर केला. "जे बसने जात नाहीत, त्यांनी बसवाल्यांच्या छपराचे पैसे का भरायचे?"

अकराव्या मजल्यावरच्या मिसेस गोह मागे वळल्या. "तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता, म्हणजे लिफ्ट मी जास्त वापरते. घरात तुम्ही तिघं, मी एकटी, म्हणजे कचरा तुमचा जास्त. फिटलं की, लाह!"

सगळे हसले आणि मी मंजूर झालो.

मित्रांनो, मी एक जुना छपराचा रस्ता आहे. सिंगापूरमध्ये मला लिंकवे म्हणतात, आणि बोलताना वाक्याला ‘लाह’चं शेपूट जोडतात. मी ब्लॉकच्या पायथ्याशी सुरू होतो आणि बसस्टॉपच्या वीतभर अलीकडे संपतो. पुढचं छप्पर बसस्टॉपचं. त्याला सरकार पोसतं, मला टाउन कौन्सिल. टाउन कौन्सिल म्हणजे तुमच्याकडची हाउसिंग सोसायटीच समजा, फक्त अख्ख्या वस्तीएवढी. घरोघरून दरमहा चार्जेस घ्यायचे आणि त्यातून जिने झाडायचे, लिफ्ट चालवायच्या, झाडं छाटायची, माझे दिवे लावायचे. आम्हा दोन छपरांचे खिसे वेगळे, म्हणून मधे ती वीतभर फट. तिथे मात्र गरीब-श्रीमंत सगळे सारखेच भिजतात.

माझे सुरुवातीचे दिवस छान गेले. हार्बरफ्रंटला जाणारी चारुदत्तची बायको सुलेखा मिटलेली छत्री घेऊनच माझ्याखालून जायची, ती थेट ऑफिसजवळ उतरल्यावर उघडायची. शाळेची पोरं माझ्या खांबांना शिवत पळायची. मिसेस गोह रोज दुपारी सूपचा डबा घेऊन निघायच्या. त्यांचे यजमान नर्सिंग होममध्ये होते. झटका आल्यापासून ते फक्त बायकोच्या हातचं, आणि बायकोच्याच हाताने खात. नर्सने चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटून घेत.

माझं कौतुक कुणी केलं नाही. छपराकडे माणसं गळायला लागल्यावरच मान वर करून बघतात.

मग चारुदत्तचे वडील पुण्यात वारले. विमानाचं तिकीट मिळून तो पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ते त्याच्या मनात सलत राहिलं. पहिला पितृपक्ष आला तेव्हा त्याने केळीच्या पानावर भात, खीर आणि भोकाचे वडे वाढले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पान अलगद माझ्या पाठीवर सोडलं.

"अरे चारू, इथे पक्ष्यांना खाऊ घालायला बंदी आहे. दंड होईल," सुलेखा म्हणाली.

"पक्ष्यांना कुठे घालतोय? बाबांना घालतोय."

कावळा काही आला नाही. साळुंक्या आल्या, भांडत-भांडत भात खाऊन गेल्या. चारुदत्त खिडकीशी हात जोडून उभा होता. माणूस हिशेबी खरा, पण त्याचे डोळे भरलेले मी पाहिले. मला राग आला नाही.

राग नंतर आला. एका घासाने त्याचं समाधान होईना. दर अमावास्येला पान येऊ लागलं. स्वतःच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं असतं तर कट्टा खराब झाला असता. माझी पाठ सगळ्यांची, म्हणजे त्याच्या लेखी कुणाचीच नाही. पानं कुजली, भात पन्हळीत जाऊन बसला, त्याला शेवाळ धरलं. डिसेंबरच्या पावसात पन्हळ तुंबली आणि पाणी थेट खालच्या फरशीवर उतरलं. मिसेस गोह सूप घेऊन निघाल्या होत्या. पाय सरकला, सूप सांडलं, उजवं मनगट मोडलं.

टाउन कौन्सिलला पहिला फोन कुणी केला असेल? चारुदत्तनेच. "दरमहा पैसे मोजून घेता, आणि एक पन्हळ साफ ठेवता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी माणसं शिडी घेऊन आली. तक्रारदार म्हणून चारुदत्त खाली उभा होता, शेजारी त्याची लेक मैत्रेयी. पन्हळीतून काळा गाळ निघाला, केळीच्या पानाचा देठ निघाला, आणि मग एक गोल, टणक, मधोमध भोक असलेली वस्तू फरशीवर टप्पकन पडली.

"बाबा," मैत्रेयी म्हणाली, "हा आपला वडा आहे, लाह."

चारुदत्तने तो वडा उचलून खिशात घातला. तसाच अकराव्या मजल्यावर गेला. तिथे काय झालं ते मला कळलं नसतं. पण त्या दुपारी तो आणि मिसेस गोह माझ्याखालून चालले होते, त्यांचा हात गळ्यात बांधलेला, त्याच्या हातात सूपचा डबा.

"आंटी, गाडीने सोडतो ना."

"गाडीत मला मळमळतं. बसनेच जाते मी." थोडं चालून त्या म्हणाल्या, "मला आधीच ठाऊक होतं. अख्ख्या ब्लॉकमध्ये असले वडे दुसरं कोण तळतं? वास माझ्या घरापर्यंत येतो."

चारुदत्तने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"आम्ही चिनी माणसंही आमच्या सातव्या महिन्यात पितरांना वाढतो," मिसेस गोह म्हणाल्या. "पण त्यांचं जेवून झालं की आम्ही उचलून ठेवतो."

हात बरा होईपर्यंत तो अर्धी रजा टाकून रोज दुपारी जात राहिला. मिसेस गोह डाव्या हाताने चमचा धरायच्या, आणि तो खालून त्यांचं कोपर सावरायचा. म्हाताऱ्याने पहिले दोन दिवस तोंड मिटून घेतलं, तिसऱ्या दिवशी उघडलं. हे सुलेखाने शेजारणीला सांगताना मी ऐकलं.

पुढच्या पितृपक्षात माझ्या पाठीवर काही पडलं नाही. वडे आणि खीर डब्यातून अकराव्या मजल्यावर गेली, आणि मोकळा डबा धुऊन परत आला.

मित्रांनो, जे सगळ्यांचं असतं त्याला एखादा तरी घरमालक लागतो. तो तुम्ही व्हा, एवढंच माझं मागणं आहे.

राहता राहिला हिशेब. पान वाढलं चारुदत्तने. भात खाल्ला साळुंक्यांनी. पन्हळ साफ झाली ती सगळ्या घरांच्या चार्जेसमधून, आणि त्यात अकराव्या मजल्याचाही वाटा होता. म्हणजे ज्या पन्हळीने मिसेस गोहंचं मनगट मोडलं, ती उपसायचे पैसेही मिसेस गोहंनीच भरले.