आरोळी देणारा

नावाशिवाय काही सापडत नाही, हे भोंगाला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसून वीस वर्षं ती लोकांना हेच तर सुनावत आली होती: "तक्रार क्रमांक सांगा, नाहीतर मी काय हवेत शोधू?" आणि आता तीच बाई टीव्ही केंद्राच्या जुन्या टेपांच्या कोठारासमोर उभी राहून कारकुनाला सांगत होती की मालिका रेल्वेच्या कामगारांवर होती, चाळीसेक वर्षांपूर्वीची, त्यात एक पूल होता आणि एक जाडा स्टेशनमास्तर होता.

"नाव?" कारकून म्हणाला.

"नावच तर शोधतेय ना हो!"

"बाई, आमच्याकडे सगळं नावावर लावलेलं आहे. जाड्या-बारक्यावर नाही."

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे. तान्हेपणी ती रडायला लागली की कारखान्याचा भोंगा झाल्यासारखा वाटायचा, म्हणून आईने ते ठेवलं आणि ते चिकटलं. पण त्या रडण्याने घात केला होता, हे आईने परवा-परवा सांगितलं, दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या.

झालं होतं असं. भोंगाचे वडील रूळ बदलणाऱ्या टोळीत होते. बारा माणसांनी एवढं लोखंड एका दमात उचलायचं तर एकाला आरोळी द्यावी लागते, नाहीतर कुणाची कंबर जाते, कुणाची बोटं. ती आरोळी वडील द्यायचे. मालिकावाल्यांनी ही खरीखुरी टोळी एका दिवसासाठी बोलावली. पुढे सहा महिन्यांत वडील पुलावरून पडून गेले. खिशातल्या ओळखपत्रावर त्यांचा एकुलता एक फोटो होता, तोही नदीने नेला. त्यानंतर महिनाभराने तो भाग टीव्हीवर आला. आई शेजाऱ्यांकडे सगळ्यांच्या पुढे बसली, मांडीवर लेक. पडद्यावर टोळी आली मात्र, लेकीने असा काही सूर लावला की शेजारी खेकसले. आई तिला घेऊन बाहेर गेली. परत आली तोवर सगळं आटोपलं होतं.

"एवढी वर्षं बोलली का नाहीस गं?" भोंगाने विचारलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"तुला काय कळत होतं तेव्हा? जाऊ दे. आता तर मला दिसतही नाही." काचबिंदूने आईचे दोन्ही डोळे खाल्ले होते. "पण कान शाबूत आहेत. एकदा त्यांची आरोळी ऐकव, मग मी सुटले."

डॉक्टर म्हणाले होते, फार तर पंधरा दिवस. आईला आवाज हवा होता आणि भोंगाला, खोटं कशाला बोला, चेहरा. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला आपला बाप दिसायला कसा होता हे माहीत नसावं, याचा तिला संताप यायचा.

पंधरातले नऊ दिवस पाण्यात गेले. जुन्या मालिकांच्या शौकिनांचा मोबाइलवर एक गट होता, तिथे तिने हातापाया पडून विचारलं. एकाने डाकूंची मालिका पाठवली. दुसरा म्हणाला, तो जाडा स्टेशनमास्तर नव्हताच, पोस्टमास्तर होता, आणि यावरून तिथे दोन दिवस हाणामारी चालली. कुणाचं काय तर कुणाचं काय! भोंगा खिडकीवर बसून तक्रारी लिहून घेताना रडायची, आणि पलीकडचा म्हणायचा, "अहो, पाणी नाही म्हणून मी रडायचं, तुम्ही का रडताय?"

दहाव्या दिवशी एका म्हाताऱ्याचा फोन आला. तो त्या मालिकेवर लाइटवाला होता.

"जाडा कुठला? स्टेशनमास्तर काडी होता काडी, कोट दोन मापं मोठा दिला होता त्याला. पहिल्या दिवशी रूळ नटांकडून उचलून बघितला. एकजण कंबर धरून जो बसला तो उठेचना. मग खरी टोळी आणली."

"नाव काय हो मालिकेचं?"

त्याने सांगितलं. भोंगाने कपाळावर हात मारला. नावात ना रूळ, ना गाडी. मालिका स्टेशनमास्तरच्या बायकोच्या नावावर होती! जन्मभर शोधली असती तरी सापडली नसती.

कारकुनाने वही उलटली. सव्वीस भागांतले तीन उरले होते, बाकीच्या टेपांवर नंतर बातम्या भरल्या होत्या. तिसऱ्यात रूळ उचलायचा प्रसंग निघाला. तिने इतकी गयावया केली की त्याने नियम गुंडाळून तो तुकडा तिच्या मोबाइलवर घालून दिला.

चारला भेटायची वेळ सुरू झाली तेव्हा ती धापा टाकत आईच्या खाटेशी होती. मोबाइल तिने आईच्या कानाला लावला. आरोळी घुमली.

आईचा चेहरा पडला. "हे ते नव्हेत."

"आई, नीट ऐक ना!"

"बाई गं, मी त्यांचा आवाज ओळखणार नाही? हा कुणीतरी नाटकातला आहे."

भोंगाने पडदा पाहिला. आरोळी देत होता तो इस्त्रीच्या शर्टातला नायक, हात वर करून. त्याच्यामागे रूळ धरलेले बारा वाकलेले लोक. यांतला बाप कोण? जिला दिसत होतं तिने त्याला पाहिलं नव्हतं, आणि जिने पाहिलं होतं तिला दिसत नव्हतं. भोंगाला वाटलं, मोबाइल भिंतीवर आपटावा.

"रूळ उचलला का त्यांनी?" आईने विचारलं.

"उचलला."

"सगळ्यांनी एकदम?"

"हो."

"मग परक्याच्या हाकेवर नाही उचललेला. बोटं जातील, वेडे नव्हते ते. बघ, वाकलेल्यांत कुणाचं तोंड हलतंय का?"

भोंगाने पुन्हा लावलं. डावीकडून चौथा. कानाच्या मोठ्या पाळ्या, दाढी वाढलेली, वय असेल तिशीच्या आतबाहेर. आवाज मागाहून नायकाचाच भरला होता, पण त्याच्या जरा आधी या चौथ्याचे ओठ हलत होते, आणि बाराच्या बारा पाठी त्या ओठांवर उठत होत्या.

"आई, सापडले! अगं, कान माझेच आहेत!"

"लाव परत. मी म्हणते, तू तोंड बघ." आणि आईने फाटक्या आवाजात सुरू केलं:

"बोटं सांभाळा रे गड्यांनो, हेइशा! घरी मोजून द्यायचीत, हेइशा!"

ओठ आणि शब्द बरोब्बर बसले. भोंगाला हुंदका आवरेना.

"पुढे?"

"तिसरी ओळ माझ्यावर होती," आई लाजली. "चावट माणूस. सांगते, जरा दम खाऊ दे."

त्यानंतर आई बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

माणसं आली, गेली, घर रिकामं झालं. भोंगा स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि नायकाचा आवाज बंद करून तिने तो तुकडा लावला. पहिली ओळ तिने म्हटली, दुसरी म्हटली. तिसरीला चौथा माणूस गालात हसत काहीतरी म्हणत होता. तिने मागे घेतलं, पुन्हा लावलं, आणखी मागे घेतलं. मग तोंड अगदी पडद्याजवळ नेऊन म्हणाली, "जरा हळू म्हणा ना, बाबा."