उजव्या कोपऱ्यातली फुली

मी एक जुना पॉप-अप आहे. मित्रांनो, नाव ओळखीचे वाटले नाही तरी तुमची-माझी गाठ नक्की पडलेली आहे. मोबाइलवर एखादे दुकान उघडावे, वस्तू शोधायला बोट पुढे करावे, आणि तेवढ्यात मध्येच एक रंगीत चौकट येऊन उभी राहावी: 'थांबा! आधी नाव सांगा!' ती चौकट म्हणजे मी. मला पाहून तुमच्या कपाळावर आठी पडली असेल तर त्यात नवल नाही. अशा आठ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक माझ्या कमाईच्या आहेत.

माझा जन्म नवापूरचा. तिथे छगनलालशेठांचे दुकान आहे. कोंबड्या पाळणाऱ्यांना लागणारे सगळे सामान तिथे मिळते: पिल्लांना ऊब देणारे दिवे, पाण्याची भांडी, खाद्याचे डबे, आणि उन्हाळ्यात शेडच्या छताखाली बारीक तुषार उडवणारे फॉगर. दुकानात कोणीही आले की शेठ आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. गिऱ्हाईक पाणी पिते, इकडेतिकडे बघते, दोन वस्तू हाताळून पाहते, आणि मगच शेठ विचारतात, काय पाहिजे. नाव-गाव तर निघतानाच विचारायचे, तेही विचारले तर विचारले. चाळीस वर्षे हाच शिरस्ता.

शेठांचा मुलगा अभिनंदन याने दुकान मोबाइलवर आणले आणि मला बनवले. मोठ्या हौसेने बनवले हो! लाल-पिवळा रंग, वर 'दहा टक्के सूट' अशी ठळक अक्षरे, खाली दोन रकाने, एक नावाचा आणि एक मोबाइल नंबरचा. बंद करायची फुली मात्र त्याने उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, तीळभर ठेवली, तीही फिकट राखाडी रंगात. "सहज सापडली तर नाव कोण भरेल?" असे तो आपल्या बायकोला, रक्षाला म्हणाला.

रक्षा लॅपटॉपवर दुकानाचे काम बघते. ती म्हणाली, "अहो, हा सगळा पडदाच झाकतोय. खाली दुकानाचा फोन नंबर आहे, तोसुद्धा दिसत नाही."

"नंबर कशाला दिसायला हवा? फोन करत बसतात मग. आपल्याला नावं पाहिजेत." एवढे बोलून त्याने विषय संपवला. सामानाच्या खोक्यांवर चिकटवायला त्याने चौकोनी कोडाचे स्टिकर छापून घेतले. कोडावर मोबाइल धरला की दुकान उघडायचे. त्या स्टिकरवरही फोन नंबर नव्हता.

खोटे कशाला बोलू, मला तेव्हा फार चढली होती. माझ्या पोटात जे भरतात ते दुकानातल्या लॅपटॉपवर एका यादीत जाऊन पडते. यादी भराभर वाढू लागली आणि अभिनंदन मित्रांना माझे कौतुक सांगू लागला. पण मित्रांनो, त्या यादीतली नावे कोणती होती? 'अअअअ'. 'कखग'. 'नको'. 'जाऊ दे ना बाबा'. माझ्या तावडीतून सुटण्यासाठी लोक हाताला लागेल ते लिहीत होते. शेवटी यादीतला कचरा काढण्याचे काम रक्षाकडे आले. रोज दुपारी जेवणानंतर ती सगळी खोटी नावे एकदम निवडायची आणि पुसून टाकायची. खरे नाव एखादेच निघायचे, म्हणून पुढे पुढे ती नीट वाचेनाशीही झाली.

मे महिन्यातली ती दुपार मी विसरू शकत नाही.

विसरवाडीच्या अलीकडे हिलालभाऊंची कोंबड्यांची शेड आहे. हिलालभाऊ आणि त्यांच्या पत्नी रुखमाबाई यांनी ती वर्षभर खपून उभी केली होती. आत दोन हजार कोंबड्या होत्या, त्यांची पहिलीच खेप, आणि दोन दिवसांनी विक्रीची गाडी भरायची होती. वजनाला भरत आलेली कोंबडी अंगाने जड असते, तिला ऊन अजिबात सोसत नाही. ऐन दुपारी फॉगरची मोटर घरघरली आणि बंद पडली. तुषार थांबले. पाच-दहा मिनिटांत कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकू लागल्या, पंख पसरून बसू लागल्या.

हिलालभाऊ धावत मोटरच्या खोक्यापाशी गेले. खोके उलटेपालटे करून पाहिले, फोन नंबर कुठेच नाही. बिल घरी, घर गावात. मोटरसायकलवर नवापूरला जाऊन परत यायचे तर सव्वा तास हवा, आणि तेवढ्या वेळात मागे काय उरणार होते? शेवटी त्यांनी स्टिकरवर मोबाइल धरला. दुकान उघडले, आणि मी टपकन पुढे उभा राहिलो.

'थांबा! दहा टक्के सूट!'

त्यांनी फुली शोधली. सापडली. पण मित्रांनो, हिलालभाऊंचा फोन एकदा शेडच्या लोखंडी खांबावर आपटला होता. उजवीकडचा वरचा कोपरा तडकला होता आणि तिथे बोट लावले तरी फोनला कळत नव्हते. माझी फुली नेमकी त्या कोपऱ्यात! त्यांनी एकदा दाबली, दहादा दाबली, घामेजलेले बोट सदऱ्याला पुसून पुन्हा दाबली. मागे जायचे बटण दाबले तर दुकानच बंद झाले. पुन्हा उघडले तर मी पुन्हा हजर. फोन नंबर माझ्या अगदी पाठीशी होता. मला तो माहीत होता, आणि मला बाजूला होता येत नव्हते. ज्याने जसे बनवले तसे उभे राहणे एवढेच माझ्या हाती असते.

रुखमाबाईंच्या साध्या बटणांच्या फोनवर तर दुकान उघडतच नव्हते. त्या बादलीने छतावर पाणी फेकत होत्या. तिथूनच अहिराणीत ओरडल्या, "लागना का फोन?"

"काय लागस! हाई मधमाच उभं शे, हटी नै ऱ्हायनं!"

"मंग त्यामाच लिख! कोनी तरी वाचीच ना!"

हिलालभाऊंनी नावाच्या रकान्यात बोट ठेवले आणि लिहिले: 'मोटर बंद. कोंबड्या मरी ऱ्हायन्यात.' खाली स्वतःचा नंबर घातला आणि बटण दाबले. आता तरी मी हटेन असे त्यांना वाटले असेल. मी हटलो नाही. मी रंगीत कागदाचे तुकडे उधळले आणि हसतमुखाने म्हणालो, 'धन्यवाद! सूट तुमची!' ही चौकट बंद करायची फुलीही त्याच कोपऱ्यात होती. हिलालभाऊंनी फोन खिशात कोंबला आणि ते शेडमध्ये धावले.

ते शब्द लॅपटॉपवरच्या यादीत जाऊन पडले. वर 'अअअ', खाली 'नको नको'. मधल्या ओळीत दोन हजार जीव. आणि ती वेळ नेमकी रक्षाच्या सफाईची होती. तिने नेहमीसारखी सगळी यादी निवडली. पुसायच्या बटणावर तिचे बोट गेलेही. मला आवाज असता तर मी त्या दिवशी बोंब मारली असती. एवढ्यात शेठांनी आतून पाणी मागितले. रक्षा उठली, तांब्या देऊन आली, आणि परत बसताना तिची नजर यादीवर पडली. एवढे लांब नाव कोणाचे, म्हणून तिने वाचले.

"बापूजी! लवकर या! कोणाच्या तरी कोंबड्या मरताहेत!"

शेठांनी तिथल्या तिथे फोन लावला. इकडे हिलालभाऊंच्या खिशात घंटी वाजली.

"भाऊ, मी छगनलाल बोली ऱ्हायनू, नवापूरथीन. पहिले सांग, शेड कोठे शे, आनि शेडना पडदा उघडा शेतस का?"

"मी हिलाल, विसरवाडीना अलीकडे शेड शे. पडदा एक बाजूना उघडा शेतस, शेठ."

"दुसरी बाजूना बी उघडी टाक. ओला बारदान बांध. खाद्यना डबा उचली ले. आनि त्यास्ले बसू देऊ नको, हळूहळू हाकलत ऱ्हाय. बसनी ती गई. अभिनंदन मोटर ली निंघना शे. मी फोन ठेवत नै."

आणि खरेच त्यांनी फोन ठेवला नाही. अभिनंदन मोटरसायकलच्या मागे मोटर बांधून सुसाट येत होता. तेवढा वेळ हिलालभाऊ कानाशी फोन धरून कोंबड्या हाकलत होते, रुखमाबाई पोती भिजवून बांधत होत्या, आणि शेठ पलीकडून विचारत होते, आता किती बसल्या, आता पाणी पितात का. त्या आवाजाआड, फोनच्या पडद्यावर, मीही होतो, तसाच हसरा. पंचवीस मिनिटांनी अभिनंदन पोचला. नवी मोटर बसवली, छताखालून पहिला तुषार उडाला, तेव्हा रुखमाबाईंनी हातातले ओले पोते खाली ठेवले. दीडशे कोंबड्या गेल्या. बाकीच्या वाचल्या.

दुसऱ्या दिवशी हिलालभाऊ दुकानात आले. शेठांनी पाणी दिले. पाणी पिऊन त्यांनी फोन काढून काउंटरवर ठेवला. त्यावर मी अजून उभाच होतो. 'धन्यवाद! सूट तुमची!'

"शेठ," ते शांतपणे म्हणाले, "तुमना दुकानमा घुसाले वाट शे का नै?"

शेठांनी अभिनंदनला जवळ बोलावले. शेठ घरात मुलाशी मारवाडी बोलतात. पण हिलालभाऊंना समजावे म्हणून त्या दिवशी ते अहिराणीतच बोलले. "आपला दुकानमा मानूस उना का त्याले पाणी देतस, बेटा. दारमा आडवं उभं राहीसन नाव नै इचारतस." ते एवढेच बोलले, आवाजही चढवला नाही. मला मात्र माझ्या लाल-पिवळ्या रंगाची पहिल्यांदा लाज वाटली.

रक्षाने हिलालभाऊंना दोन दिवसांसाठी स्वतःचा फोन दिला आणि तो तडकलेला फोन ठेवून घेतला. "याच फोनवर नीट चालेल असं बनवते," ती म्हणाली. अभिनंदन तिच्या शेजारी बसला आणि ती सांगेल ते निमूटपणे करू लागला. त्यांनी मला चांगलेच छाटले. आता मी पडद्याच्या तळाशी दोन बोटे उंचीची पट्टी आहे. आल्या आल्या मी येत नाही. माणूस वस्तू बघून होईपर्यंत थांबतो. अंगठा सहज पोचेल तिथे माझ्यावर ठळक अक्षरांत 'नको' लिहिले आहे. ते दाबले की मी जातो आणि महिनाभर तोंड दाखवत नाही. मागे जायच्या बटणानेही मीच बंद होतो, दुकान नाही. नेटवर्क रडत असेल तर मी येतच नाही. फोन नंबर सगळ्यांत वर असतो आणि खोक्यांवरच्या स्टिकरवरही आला आहे.

मित्रांनो, आता माझे कौतुक कोणी करत नाही. बहुतेक लोक 'नको' दाबून पुढे जातात आणि कित्येकांना मी दिसलो हेही आठवत नसेल. सुरुवातीला मला त्याचे वाईट वाटायचे, आता वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखे काही बनवले, तर एक विनंती आहे. आधी एखादा तडकलेला फोन हातात घ्या, भर उन्हात उभे राहा आणि घाईत असलेल्या माणसाच्या बोटाने ते बंद करून बघा. नाही झाले, तर पुन्हा बनवा. आम्हाला स्वतःहून बाजूला होता येत नाही हो, ते तुम्हालाच करावे लागते.

लॅपटॉपवरची ती एक ओळ रक्षाने अजून पुसलेली नाही. या मे महिन्यात यादीत एक नवे नाव आले. हिलालभाऊ दुकान उघडून पाण्याची भांडी बघत होते. त्यांचे बघून झाल्यावर मी खालून हळूच वर आलो. आजवर त्यांनी मला दर वेळी 'नको' म्हटले होते आणि मी दर वेळी गेलो होतो. त्या दिवशी त्यांचा अंगठा 'नको'पाशी थांबला आणि मग नावाच्या रकान्यात गेला. कोणी मागितले नव्हते, कशाची घाई नव्हती. रक्षाने ते मोठ्याने वाचले, आणि शेठांनी तिला पुन्हा एकदा वाचायला लावले:

'हिलाल. औंदा कोंबड्या मजामा शेतस.'