काचेतली वच्छला

रेवणसिद्धने ओली प्रिंट चिमट्याने उचलून खिडकीपाशी धरली. वच्छलाच्या गालांवरचे देवीचे व्रण एकूण एक उमटले होते. कपाळावरचे, हनुवटीवरचे, नाकाच्या शेंड्यावरचा तो एक खोलसुद्धा.

मुंबईहून हा जपानी कॅमेरा आणल्यापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते. नवी पेठेतल्या इतर स्टुडिओवाल्यांना तो मुद्दाम हातात देऊन दाखवी. जुना लाकडी कॅमेरा काळ्या फडक्याखाली कोपऱ्यात उभा होता, रुसलेल्या सासऱ्यासारखा. माढ्याची रंभाबाई लेकीला घेऊन आली, तेव्हा तिचं मागणं साधं होतं: स्थळाला पाठवायला मागच्यासारखाच फोटो हवा. मागचा म्हणजे शोकेसमधला, वच्छलाचाच. येणारेजाणारे थांबून बघत असा तो फोटो, रेवणसिद्धच्या हातचं सगळ्यात देखणं काम. त्याहून सरस काढतो अशी शेखी मिरवून त्याने नवं यंत्र उचललं होतं.

आता हात शिवशिवत होते, पण करणार काय? जुन्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह चांगली पोस्टकार्डाएवढी. तिच्यावर टोकदार पेन्सिल फिरवून त्याने वच्छलाचा एकेक व्रण बुजवला होता. ते काम रोजचंच. त्याशिवाय उपवर मुलीचा फोटो कोणी घरी नेत नसे. ही निगेटिव्ह मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढी. पेन्सिल टेकवायची तर व्रणाबरोबर डोळाही बुजायचा. प्रिंटवर ब्रश चालवून पाहिला, तर गालाला चुना फासल्यासारखं दिसू लागलं. ती फाडून त्याने दुसरी केली आणि मायलेकींची वाट बघत आत-बाहेर येरझारा घालू लागला. समोरच्या भिंतीवर 'देवीचा रोगी कळवा' अशी सरकारी जाहिरात अजून रंगवलेली होती. एरवी तिच्याकडे त्याचं लक्षही जात नसे.

फोटो बघताच रंभाबाईने पदर तोंडाला लावला. रेवणसिद्ध घाईघाईने म्हणाला, चूक आपलीच, जुन्या कॅमेऱ्यावर आत्ता पुन्हा काढून देतो. त्याने काळं फडकं ओढलंसुद्धा. रंभाबाई लगबगीने लेकीचे केस सारखे करायला लागली.

वच्छला जागची हलली नाही. तिने फोटो उजेडाकडे केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्योच द्या."

"वच्छे, अगं, ह्यो बघून कोण यायचं न्हाय."

"त्यो बघून आले, त्यांनी काय केलं? मला बघितलं आन चहा न घेता उठले. आता जो ईल, त्यो मला बघून ईल."

रेवणसिद्धला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या पेन्सिलीने पाहुणे त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आणले होते आणि तिथूनच माघारी धाडले होते. आणि तो इथे तोच फोटो काचेत लावून मिरवत होता. त्याने प्रिंट पाकिटात घालून दिली.

दाराशी जाऊन वच्छला थांबली.

"आन ती बाई काढा की तितनं," शोकेसकडे बघत ती म्हणाली.

त्याने फ्रेम काढली. मागचं मखमली कापड तेवढंच गडद राहिलं होतं, बाकीचं उन्हाने विटलं होतं. फ्रेम ठेवावी की फोडावी हे न सुचून तो ती हातात घेऊन उभा राहिला. रंभाबाईने ती हलकेच त्याच्याकडून काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे माज्यापाशी," ती म्हणाली. "देवी आल्या नसत्या, तर अशीच दिसली असती."

वच्छलाने आईकडे पाहिलं. तिने पिशवीतून सकाळीच बाजारात घेतलेली नवी चादर काढली, तिची घडी मोडली आणि काच फुटू नये म्हणून फ्रेमभोवती नीट गुंडाळली.