स्वागताचा ढोल

पोचू सकाळी गेला. खोकत होता, खोकायचा थांबला, एवढंच. त्याची बायको धुरपता चुलीपाशी बसली होती. तिने मागे वळून पाहिलं आणि तिला कळलं.

वेलमगुड्यात माणूस गेला की पहिल्यांदा ढोल वाजतो, रडणं नंतर. एक ठोका, मग श्वास रोखून धरावा इतकी शांतता, मग लागोपाठ दोन ठोके. हा ढोल डोंगराआडच्या गावाला ऐकू जातो. तिथला ढोल तो निरोप पुढच्या गावाला देतो, आणि असं करत नदीपलीकडचे सोयरे कापड आणि तांदूळ घेऊन वाटेला लागतात. सोयऱ्यांनी कापड पांघरल्याशिवाय आणि बहिणीने कपाळाला हळद-तेल लावल्याशिवाय माणसाला माती देत नाहीत. दिलीच तर तो जात नाही, घराच्या वळचणीला घुटमळत राहतो. पोचूची बहीण जुरी नदीपलीकडे दिली होती. ती आल्याशिवाय पोचूला उचलायचं नाही, हे धुरपताला कुणी सांगायची गरज नव्हती.

पण ढोलाला बंदी होती.

मागल्या वर्षी रस्त्यावर सुरुंग फुटला आणि त्यात पोलिसांची गाडी उडाली. गाडीतली चार पोरं गेली. त्यानंतर गावाच्या तोंडाशी काटेरी तारांची छावणी बसली, छावणीबरोबर टॉवर आला आणि टॉवरबरोबर आदेश आले. पाच माणसांनी एकत्र जमायचं नाही. अंधार पडल्यावर घराबाहेर पडायचं नाही. ढोल वाजवायचा नाही, कारण ढोलावरून जंगलात इशारे जातात. टॉवरचं म्हणाल तर त्याची रेंज छावणीपुरती. नदीपलीकडे निरोप द्यायला त्याचा उपयोग शून्य.

इशाऱ्यांची गोष्ट अगदीच खोटी होती असं नाही. पूर्वी जंगलातले दादा लोक यायचे, आदिवासींच्या मुक्तीबद्दल तास न् तास बोलायचे आणि जाताना चार घरच्या कोंबड्या मुक्त करून न्यायचे. पोलीस आले तर ढोल वाजवा, असं त्यांनीच बजावलं होतं. पोचूच्या थोरल्या भावाने नाही म्हटलं, तर खबऱ्या ठरवून त्याला मोहाच्या झाडाखाली मारलं. म्हणजे एकाने वाजव म्हणून बंदूक दाखवली, दुसऱ्याने वाजवू नको म्हणून. दोघेही सांगायचे, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. आपल्या भल्याची एवढी काळजी वाहणारी माणसं दोन्हीकडून आली, की गावाचं काय होतं ते धुरपता बघून चुकली होती.

तिने पोचूच्या पुतण्याला, लालसूला, पायी पाठवलं. गावातला ढोल वाजवणारा हाच. "ढोल नाई तर पाय तं आहेत," ती म्हणाली. "जुरीले सांग, भाऊ गेला."

लालसू छावणीच्या नाक्यापर्यंत पोचला आणि तिथेच बसला. म्हणजे बसवला गेला. नदीपलीकडे कशाला जातोस? कुणाला निरोप द्यायचाय? किती माणसं येणार? एवढी माणसं कशाला लागतात एका मढ्याला? दुपार झाली तरी लालसूची चौकशी संपेना. शेवटी घरात शेजारणींना बसवून धुरपता स्वतः छावणीवर गेली.

छावणीचे प्रमुख अंकुश देवकाते. घाटावरचे. तरणे, गोरेगोमटे, बूट आरशासारखे. त्या दिवशी ते फारच गडबडीत होते, कारण दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते. मैदानात मांडव घातला होता, 'जनतेशी संवाद' असं लिहिलेला फलक सरळ लागत नव्हता आणि देवकाते हातात चहाचा कप धरून दुरूनच "डावीकडे, अजून डावीकडे" करत होते. त्यांच्या शेजारी दिनेश उभा होता. दिनेश हेमलकशाकडचा माडिया पोरगा, पोलिसात भरती झालेला. छावणीत गोंडी येणारा तो एकटा, म्हणून साहेबांचे कान आणि तोंड दोन्ही तोच.

"साहेब," धुरपता म्हणाली, "माझा मानूस मेला. ढोल वाजवू द्या. एकडाव. मंग नाई वाजवत."

देवकात्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फलकाकडे पाहत ते म्हणाले, "ढोल बंद आहे, बाई. वरून आदेश आहे. देशाच्या सुरक्षेसाठी थोडी गैरसोय सोसावी लागते सगळ्यांनाच. उद्याचा कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

"मढं राहीन का जी तवरक?"

"थंडी आहे की," देवकाते म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

आता हे 'थोडी' आणि हे 'सगळ्यांनाच' कुणी मोजलं होतं देव जाणे. साहेबांच्या वाट्याला काय गैरसोय आली होती? चहा जरा कमी गोड असेल. देशावर एवढं मोठं संकट, आणि ते येऊन अडलं होतं कुठे, तर वेलमगुड्यात पोचूच्या कपाळाला हळद लागते की नाही इथे. धुरपताला असा राग आला की डोळ्यांत पाणी यायचं ते तिथंच आटलं.

दिनेश खाली बघत होता. सुरुंगात गेलेल्या चार पोरांमधला पोंभुर्ण्याचा सुनील त्याच्याच खोलीत राहायचा. त्याची चप्पल अजून दिनेशच्या खाटेखाली होती. त्यामुळे आदेश कशासाठी निघाला हे त्याला कळत होतं. आणि बाई काय मागते आहे तेही कळत होतं. दोन्ही कळणाऱ्या माणसाला कुठल्याच छावणीत कुणी काही विचारत नाही.

धुरपता वळली, तेवढ्यात साहेबांना काहीतरी आठवलं. "आणि हे बघ, दिनेश, तो नाक्यावर बसवलेला पोरगा ढोल वाजवतो ना? सोडून द्या त्याला. उद्या स्वागताला ढोल पाहिजे. आजूबाजूच्या सगळ्या गावांनाही कळवलंय, ढोल वाजवत या म्हणून. गर्दी दिसली पाहिजे. आदिवासी संस्कृती दिसली पाहिजे."

धुरपता थबकली. मरणाला बंदी, स्वागताला सक्ती. तिने एकदा दिनेशकडे पाहिलं. दिनेशने नजर चुकवली, पण उशिरा चुकवली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा लालसू ढोल गळ्यात अडकवून मांडवापाशी उभा होता.

"काकी, थे मले आत टाकतीन," तो म्हणाला.

"काऊन टाकतीन? त्यायनंच वाजव म्हनलं ना?"

"त्यायले नाचाचा पाह्यजे."

"त्यायले ढोल पाह्यजे. कोनता, थे सांगतलं नाई." धुरपता त्याच्या अगदी जवळ सरकली. "तुह्या काकाले मी रातभर लेकरावानी जपून राह्यली. थंडी आहे म्हन्ते थो सायेब. जशी भाजी ठेवाची हाय! वाजव, लालसू. तुले नाई जमत तं मले दे."

बाईमाणसाच्या हातात ढोल द्यायचा म्हणजे गावभर तोंड दाखवायची सोय उरली नसती. लालसूने काठी उचलली.

एक ठोका. शांतता. दोन ठोके.

मांडवात सतरंज्या घालणाऱ्या गावकऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. पुन्हा एक ठोका. पुन्हा ती शांतता. पुन्हा दोन.

देवकाते तंबूतून बाहेर आले. "इतकं संथ काय वाजवतोय हा? जरा जोश नाही का? दिनेश, हा कसला प्रकार?"

दिनेशचा हात नकळत टोपीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. "साहेब," तो म्हणाला, "लांबची माणसं बोलवायची असली की हाच वाजवतात."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तेवढ्यात डोंगराआडून उत्तर आलं. एक ठोका, शांतता, दोन ठोके. मग त्याहून दूरवरून, अगदी पुसट. आज सगळ्या गावांच्या ढोलांना सरकारी परवानगी होती. निरोप नदीकडे धावत सुटला आणि देवकात्यांचा चेहरा फुलला. "बघा," ते म्हणाले, "गावंच्या गावं प्रतिसाद देताहेत!"

माणसं आली. एरवी अशा कार्यक्रमाला शाळेतली पोरं आणि दमदाटी करून आणलेली म्हातारी माणसं यायची. आज पायवाटा भरून वाहत होत्या. पोरंबाळं, गरोदर बाया, काठी टेकत आलेले म्हातारे. कुणी हसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या काखेत कापडाची घडी आणि तांदळाचं गाठोडं होतं. जिल्ह्याचे मोठे साहेब भारावून गेले. "किती शिस्तबद्ध लोक आहेत!" ते म्हणाले. नदीकाठच्या बायांनी गावात पाऊल ठेवताच गळ्यात गळा घालून मरणाची गाणी धरली, तेव्हा फोटोवाला धावत आला आणि उन्हाकडे तोंड करून पुन्हा एकदा गा म्हणून मागे लागला. बायांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एवढा निगरगट्ट माणूस, पण तोही बाजूला झाला.

मग भाषणं झाली. मोठे साहेब म्हणाले, तुमचं स्वातंत्र्य तुम्हाला मिळावं म्हणूनच आम्ही इथे आहोत. लोक उभे होते त्या मैदानातून पाच माणसांना एकत्र घरी जायचीही मुभा नव्हती, पण साहेबांच्या बोलण्यात कुठे अडखळणं नव्हतं. शेवटी थंडीनिमित्त ब्लँकेट वाटली. निळी, जाड, कोपऱ्यात 'आपल्या सुरक्षेसाठी सदैव तत्पर' असं छापलेली. लोकांनी रांगेने घेतली, मान लववली आणि चालू लागले. मोठ्या साहेबांना वाटलं, आपापल्या घरी गेले. साहेबलोक जेवायला बसले.

सगळे धुरपताच्या अंगणात गेले होते.

पोचूवर कापडं पडत गेली. आणलेलं कापड आधी, आणि मग ज्याने त्याने ते निळं ब्लँकेटही घातलं, कारण मेलेल्या माणसासमोर येताना हातात असलेली नवी वस्तू परत नेत नाहीत. जन्मभर एका फाटक्या घोंगडीत थंडी काढलेला पोचू सरकारी उबेखाली दिसेनासा झाला. कुठूनही पाहिलं तरी तीच अक्षरं, आपल्या सुरक्षेसाठी सदैव तत्पर. धुरपताला हसू फुटलं. भर मरणात ती खदखदा हसली, आणि हसता हसताच तिला कालपासून अडलेलं रडू आलं.

जुरी सगळ्यात शेवटी आली, कमरेपर्यंत भिजलेली. तिने कुणाशी काही न बोलता ब्लँकेटांचा ढीग बाजूला सारला, भावाचं कपाळ शोधलं आणि हळद-तेल लावलं. कुंपणाबाहेर दिनेश वर्दीत उभा होता. त्याने बूट काढले होते. माती देऊन होईपर्यंत तो तिथून हलला नाही.

चार दिवसांनी पेपरात फोटो आला. रडणाऱ्या बाया, मागे फलक. खाली छापलं होतं, भीती झुगारून जनसागर लोटला.

गोष्ट इथे संपली असती तर धुरपताने गप्प बसून साहेबांना त्यांचा जनसागर लखलाभ होऊ दिला असता. पण महिन्याभरात देवकाते स्वतः तिच्या अंगणात आले, दिनेशला घेऊन. या वेळी त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हसूनसुद्धा. लालसूही तिथेच होता.

"बाई, तुमच्या पोराचा ढोल गाजला बरं का! आता मुंबईहून पाहुणे येणार आहेत. मागच्या वेळचाच ठोका वाजवायचा. तोच. त्याने माणसं येतात. मी वर कळवलंय, दर कार्यक्रमाला आता तोच ठेवायचा."

लालसू पांढराफटक पडला. कुणी मेलेलं नसताना मरणाचा ढोल वाजवणं म्हणजे मरणाला घर दाखवणं. आणि एकदा का तो पाहुण्यांसाठी वाजला, की पुढे गावात माणूस जाईल तेव्हा डोंगराआडचे लोक म्हणतील, आले असतील कुणी साहेब. कुणी उठणार नाही. कुणाची जुरी येणार नाही.

धुरपता उठून उभी राहिली.

"दिनेश," ती गोंडीत म्हणाली, "ह्याले इचार, ह्या डावा कोन मरनार हाय? हा ढोल मेल्याबिगर वाजत नाई. गावातला मी देनार नाई. ह्यायनं आपला एक आनावा."

कितीतरी वेळा दिनेशने असल्या जागी बोलणं मऊ करून पुढे सरकवलं होतं. या वेळी त्याने एकेक शब्द जसाच्या तसा सांगितला.

देवकात्यांचं हसू ओठांवरच राहून गेलं. त्यांनी ढोलाकडे पाहिलं, मग लालसूकडे, मग पुन्हा ढोलाकडे. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग मागच्या वेळी... कोण मेलं होतं?"

दिनेशची वाट न पाहता धुरपताने मराठीतच उत्तर दिलं.

"माझा मानूस, साहेब. तुमाले येऊन सांगतलं होतं मी. तुमी चहा पिऊन राह्यले होते."