शेंदराखालचा तपकिरी दाणा

चूक माझीच. अठरा वर्षं संगमनेरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, आणि उल्केचा तुकडा मी पाण्याच्या करवतीवर कापला, नेहमीचे दगड कापतो तसाच. सूक्ष्मदर्शकाखाली जागोजागी रिकामी भोकं दिसली, आणि करवतीच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथे ओल्डहॅमाइट होतं! उल्केत क्वचित मिळणारं, पाणी लागलं की नाहीसं होणारं खनिज. नुसती भोकं दाखवून कोण विश्वास ठेवणार? एक तरी दाणा हवा होता.

उरलेला दगड पाथर्डीकडे, कडूबाईंच्या शेतात. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत पडला आणि त्यांनीच मला तुकडा फोडून दिला. फोन केला, तर त्यांचा मुलगा अजिनाथ म्हणाला, "देव केलाय म्याडम त्याचा. आज सोमवार, दुपारी अभिषेक हाय." थांबा म्हणेपर्यंत रेंज गेली. गाडी कशी हाकली, माझं मला ठाऊक.

पोचले तेव्हा बाभळीखाली बाया जमल्या होत्या आणि कडूबाईंच्या हातात भरलेला तांब्या होता.

"मावशी, पाणी घालू नका!"

"आधी पायताण काढा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आन् पानी तर आमी रोजच घालतो."

रोज! चपला काढून मी दगडापाशी बसले. दगड शेंदरानं लाल, खालची माती ओली.

"अहो, वाट लावलीत तुम्ही त्याची!" बोलून गेले आणि माझीच मला लाज वाटली. "नाही, मीच लावली. तुम्ही दिलेला तुकडा मी पाण्यात घालवला."

कडूबाईंनी दगडाच्या फुटक्या कडेकडे बोट दाखवलं. "तुमाला तुकडा दिला तवा देवाला जखम झाली. खंडित देव कोन पुजतं? म्हनून तिथं त्याच दिशी तेलात कालवून शेंदूर थापला, बोटभर."

तेलात! तिथं पाणी शिरलंच नसेल! मी उठलेच. "मावशी, तेवढा शेंदूर काढू द्या."

अजिनाथ मध्ये आला. "न्हाई आई. जखम उघडी पडली तर देव ऱ्हायचा न्हाई."

कडूबाईंनी तांब्या लांब ठेवला, पदराला हात कोरडे पुसले आणि नखानं शेंदूर खरवडू लागल्या. खाली तेलकट चकाकी, आणि तीत तपकिरी दाणे. एक सुईनं काढून तळहातावर घेतला, पूजेतलं लिंबू त्यावर पिळलं; आम्ल लागलं की ओल्डहॅमाइटला वास सुटतो. काहीच नाही. मग वास आला, तोच, सडक्या अंड्याचा. कडूबाईंनी पदर नाकाला लावला. पुढची तपासणी यंत्रावर होईल, पण मला तिथेच रडू फुटलं.

"घावलं का?"

"घावलं, मावशी."

त्यांनी दगडावरून एकदा हात फिरवला, कोरड्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या ओटीत घातला.

"समदाच न्या. उघडा देव मला पुजवत न्हाई."

आणि तांब्यातलं पाणी बाभळीच्या बुंध्याशी ओतलं.